पार्वताबाईचा 'क'

नांदगाव पेठेतला बायांचा साक्षरता वर्ग तपासायला अमरावतीहून बैलांच्या दमणीत बसून साहेब आले. दहा बायांना लिहिता-वाचता आलं, तरच वर्ग पुढं चालणार होता. नऊ जणी पास झाल्या. दहावी पार्वताबाई वांग्यांची टोपली दाराशी ठेवून फळ्यासमोर उभी राहिली, आणि सत्यवती मास्तरणींनी डोळे मिटून घेतले.

"वाचा," फळ्यावरच्या 'कमळ, कापूस, कणीस'कडे बोट दाखवत साहेब म्हणाले.

"धनीमळ. धनीपूस. धनीणीस."

"अहो बाई, हा 'क' आहे!"

"हाय ना. त्यायच्या नावातलं पयलं अक्षर हाय थे. मी तोंडानं नाई घेत."

हिच्या नवऱ्याचं नाव किसनराव, असं मास्तरणींनी घाईघाईनं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं, मनातलं एखादं वाक्य लिहून दाखवा."

पार्वताबाईनं पाटी मांडीवर घेतली आणि न अडखळता लिहिलं, 'किसन, घोरू नको.'

"आता नाव कसं चाललं?"

"नाव घ्याचं नाई म्हनते. लिवाचं नाई, असं थोडंच म्हनलं हाय? चाळीस वर्सं पोटात ठेवलं होतं, सायेब."

साहेब हसत हसत सही करून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात किसनराव स्वतः हजर. "मास्तरीनबाई, बुढीनं घरात पाटी टांगून ठेवली. जो येते थो वाचते अन् हासते. तिले पुसलं, त म्हनते, थे मायाच्यानं बोलवत नाई. मले बी शिकवा."