गरुडरावांनी सोडलेला चेंडू

चेंडू पाठीमागच्या कॅचरच्या हातमोज्यात थाडकन बसला, तेव्हा कुठे गरुडरावांना कळलं की तो टाकून झालाय.

त्यांनी बॅट खांद्यावरून हलवली नाही. मान जराशी तिरकी केली आणि किडका बटाटा बाजूला सारावा तसं तोंड केलं. मागे उभे असलेले अंपायर मास्तर क्षणभर थांबले. मग त्यांचा खणखणीत आवाज आला, "बॉल."

सॉफ्टबॉलचा हिशेब सोपा असतो. चेंडू तुमच्या पायाजवळच्या प्लेटवरून नीट आला आणि तुम्ही नुसते बघत राहिलात किंवा बॅट फिरवून चुकलात, तर स्ट्राइक. असे तीन झाले की तुम्ही बाद. चेंडू वाकडातिकडा आला आणि तुम्ही तो सोडलात, तर अंपायर म्हणणार बॉल. असे चार झाले की तुम्ही आरामात चालत पहिल्या बेसवर जायचं. गरुडराव जन्मभर चालतच गेले होते. शहरातल्या हौशी सॉफ्टबॉलमध्ये लांब फटके मारणारे पुष्कळ होऊन गेले. एका न्हाव्याने तर चेंडू थेट दवाखान्याच्या खिडकीतून आत घातला होता. पण वाईट चेंडूकडे ढुंकूनही न बघणारा हा एकच. म्हणून नाव पडलं गरुड. आणि गरुडाचं दुकान होतं चष्म्याचं. अशी नजर असलेला माणूस आपले डोळे तपासतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकं लांबलांबून यायची.

खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. गरुडरावांना चार हातांपलीकडचं धड दिसत नव्हतं. दुकानातला अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. गिऱ्हाईक ते चपलांच्या आवाजावरून ओळखत. मागच्या मोसमात ते चुकून समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसले, त्यांचं पाणी प्यायले आणि त्यांनाच चार युक्तीच्या गोष्टी सांगून आले. लोक म्हणाले, काय दिलदार माणूस आहे.

"अहो, दुकानात चष्म्यांचा ढीग पडलाय. त्यातला एक घाला की डोळ्यांवर," बायको म्हणायची.

"गरुडाने चष्मा लावला तर दुकानाला कुलूप लावावं लागेल."

"आणि चेंडू नाकावर बसला म्हणजे?"

यावर गरुडराव पेपर उघडून बसत, बऱ्याचदा उलटा.

आज त्यांचा शेवटचा सामना होता. तो संपला की मंडळाच्या खोलीत त्यांचा फोटो लागणार होता. खिळासुद्धा ठोकून तयार होता. आणि वेळ तरी कशी यावी! शेवटचा डाव, धावा बरोबरीत, तिन्ही बेसवर माणसं, दोन गडी बाद. गरुडराव नेहमीसारखे चालत गेले की सगळे एकेक बेस पुढे सरकणार, तिसऱ्या बेसवरचा गडी प्लेटवर येऊन धाव करणार आणि सामना खिशात. पण समोर चेंडू टाकायला कोण, तर बेकरीवाली पोरगी. रोज मणभर पीठ तिंबणारा हात. ती वाकडं टाकतच नाही, असं सगळं शहर सांगत होतं. तीन सरळ चेंडू पडले की इतक्या वर्षांचं नाव मातीत.

दुसरा चेंडू पोटाजवळून वारा घालत गेला. हा मधोमध होता, संपलं सगळं, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले.

"बॉल," मास्तर म्हणाले.

तिसराही बॉल. लोकांनी टाळ्या पिटल्या. कॅचर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. गरुडराव घामाघूम झाले.

बेकरीवाली आपली जागा सोडून पुढे आली. इतकी पुढे, की त्यांना चक्क तिचा चेहरा दिसला. मघापासून तो एक पांढुरका ठिपका होता. आता त्याला डोळे आले होते आणि ते भरले होते.

"काका, मास्तरांशी मी वाद घालत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं कोणाला दिसत नाही. माझा हात खरंच वाकडा जातोय का?"

गरुडरावांना पुढचं सगळं लख्ख दिसलं. ही पोर आज घरी जाणार, हात वाकडा झाला म्हणून रडणार आणि पुन्हा म्हणून चेंडू हातात धरणार नाही. कोणामुळे, तर ज्याला चेंडू दिसलाच नाही त्याच्यामुळे. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. फोटो गेला खड्ड्यात, दुकानही गेलं तर जाऊ दे.

"टाक पोरी," ते म्हणाले. "पुढचा मी मारणार आहे."

बायको बाकावरून ताडकन उठली. गरुडरावांनी बॅट खांद्यावरून उचलली. ती धरायची कशी हे आठवायला थोडा वेळ लागला. हवेत तर हवेत, फिरवायची. होऊ दे हसं.

"थांबा थांबा," मास्तर मागून ओरडले. खेळ थांबवून ते लगबगीने पुढे आले, मैदानाकडे पाठ करून खाली वाकले आणि खिशातला ब्रश काढून प्लेटवरची माती झटकू लागले. अंपायर लोकांची ती रीतच असते. ब्रश बराच वेळ गरुडरावांच्या बुटावरून फिरत राहिला.

"गरुडराव, पाया पडतो, बॅट फिरवू नका," मास्तर बुटाकडे बघत कुजबुजले. "मला चेंडू दिसत नाही हो. तुम्ही सोडलात की बॉल, इतकी वर्षं मी एवढ्यावरच देत आलोय."