वरचा आणि खालचा

"जिन्यावरून बटाट्याचं पोतं गडगडत यावं, तसा वाजवतोस म्हणे तू," इम्के म्हणाली.

तळघरात ड्रमसमोर बसलेल्या उल्फने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"गेर्नोट म्हणाला असं? आणखी काय म्हणाला?"

"जाऊ दे ना."

"सांग."

"तुझ्या जागी शिवणयंत्र ठेवलं तरी चालेल. निदान ते ताल तरी धरतं."

जर्मनीतल्या ल्युनेबुर्गजवळच्या या बंद पडलेल्या डेअरीत तीन आठवडे दोघांची दुसरी रेकॉर्ड चालली होती. वरच्या खोलीत गेर्नोट आणि त्याचे ऑर्गन, खाली उल्फ. गाणारं कुणी नाही. पहिली रेकॉर्ड एका मासिकाने 'मुळमुळीत' म्हणून दोन ओळींत निकालात काढली होती.

मग वसंतात कासेलच्या कार्यक्रमात गेर्नोटने वाजवणं मध्येच थांबवलं आणि भर सभागृहात उल्फला झापलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. येण्याजाण्याची दारंसुद्धा वेगळी. एकमेकांचं वाजवणं तेवढं हेडफोनमधून ऐकायचं. बाकी निरोप इम्केने पोचवायचे. रेकॉर्ड तीच काढत होती, ध्वनिमुद्रणही तीच करत होती.

"त्याला म्हणावं, इथलं लोणी काढायचं यंत्र तुझ्या ऑर्गनपेक्षा सुरात होतं," उल्फ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "दहा वर्षं या माणसाबरोबर काढली मी! एवढं वाजवतो आणि जातो. कायमचा."

"उल्फ, असं नको रे करूस."

"टेप लाव."

अठरा मिनिटं उल्फ ड्रमवर तुटून पडला होता. वरून गेर्नोटनेही माघार घेतली नाही. असं दोघांनी आजवर कधीच वाजवलं नव्हतं. शेवटचा ठोका पडला, तसा उल्फ उठला. त्याने ड्रम गाडीत भरले आणि मागे न बघता निघून गेला.

इम्के वर आली. गेर्नोट खिडकीशी उभा होता. गाडी वळणाआड गेली तरी तो रस्त्याकडेच बघत होता.

"गेला?"

"गेला."

"कासेलला चूक माझी होती, हे सांगितलंस ना त्याला? मी माफी मागतोय म्हणून?"

"तीनदा सांगितलं," इम्के म्हणाली, आणि टेपच्या डब्यावर तारीख घालू लागली.