पाळण्यातली पावलं

चीनमधल्या हांगचौ शहरात गाडी सोडून पायी चालणाऱ्यांना फोनने मोजलेल्या पावलांवर हरित गुण मिळू लागले, तसा वेनहाओने विजेवर झुलणारा छोटा पाळणा आणला. त्याचा जुना फोन दिवसभर त्यात झुलून पावलं जमवायचा आणि तो स्वतः गाडीने कामावर जायचा.

लकव्यातून उठलेल्या त्याच्या आईला, छू आजींना, लेकाचा हात धरून कालव्यापर्यंत जायचं होतं. "आई, वेळ आहे का मला?" तो रोज खेकसायचा.

रविवारी वस्ती समितीच्या बाई सर्वांत जास्त चालणाऱ्याच्या सन्मानाची लाल फीत घेऊन आल्या. "मावशी, केवढा चालतो हो तुमचा मुलगा!"

वेनहाओने हसत मान झुकवली. आजींनी झुलत्या पाळण्याकडे बोट दाखवलं.

"वेनहाओ, फोन दमला असेल रे. त्याला उतरव, अन् मला बसव त्यात."