मथुरेचे हात

पाचाची घंटा झाली तशी मथुरेने विहिरीवर जाऊन हात धुतले आणि पुन्हा एकदा निरखून पाहिले. तळवे पाहिले, पेरं पाहिली, नखांच्या कडा पाहिल्या. काळं कुठेही उरलं नव्हतं.

शेजारी लुईझा राखेने आपले हात खसाखसा घाशीत होती. ते मनगटापर्यंत काळेकुट्ट होते आणि कितीही घासले तरी तसेच राहणार होते.

"कितीदां बघतंस गो?" लुईझा म्हणाली. "नवी काकणां भरलंस काय?"

"आज चेडवाक हातांनी उचलतलंय," मथुरा म्हणाली, आणि आपल्या पोरीविषयी एवढं सांगतानाही तिला लाजल्यासारखं झालं.

काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायका आपली पोरं कोपरांनी उचलतात. मुठी वर धरायच्या, कोपरं पोराच्या काखेत घालायची आणि कडेवर घ्यायचं. टरफलाचा चीक बिब्ब्यासारखा उततो. राख लावा, खोबरेल लावा, तो मेला बोटांच्या भेगांत दडून बसतोच. तुळसा तीन महिन्यांची असताना मथुरेने एकदा घाईघाईत तिला हातांनी उचललं होतं, तर पोरीच्या पाठीवर दहा बोटं उठली. तेव्हापासून घरात एकच घोष सुरू झाला, "हात लाव नको गो, भाजतला!" पोर चालायला शिकली तीसुद्धा आईच्या पदराला धरून. आता तिला तिसरं सरत आलं होतं.

महिन्यापूर्वी मुकादमाने मथुरेला फोडणीवरून सोलणीवर घेतलं. तिथे गरावरची तांबडी साल तेवढी काढायची, हात कोरडे राहतात. काळं कातडं हळूहळू सुटत गेलं आणि खालून नवं, गुलाबी कातडं आलं. धीर धरणं काही मथुरेच्या स्वभावात नव्हतं. पण शेवटचा ठिपका जाईपर्यंत तिने तो धीर धरला. ती दहा बोटं आठवली की तिचा हात आपोआप मागे जायचा.

फाटकाबाहेर फणसाखाली तिची सासू सुभद्रा तुळसाला घेऊन उभी होती. आई दिसताच पोर धावत आली आणि सवयीने दोन्ही हात वर करून उभी राहिली. मथुरा वाकली. तिचे तळवे पोरीच्या काखेखाली गेले आणि तिने तिला उचललं. पोरीचं अंग इतकं गरम असतं, फासळ्या इतक्या बारीक असतात आणि त्यांच्या आत काळीज असं उडत असतं, हे तिला आज कळलं. ती हरखून गेली.

तुळसा मात्र ताठ झाली. तिने खाली वाकून त्या गुलाबी हातांकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की आतून पहारेकरी धावत आला.

"हात लाव नको! माका आये होयी!"

"अगो, मीच तुजी आये!"

पण पोर ऐकते कसली! अंग झाडून ती खाली उतरली. मागून आलेल्या लुईझाचे काळे हात तिला दिसले मात्र, ती थेट लुईझापुढे जाऊन हात वर करून उभी राहिली. बायका खो खो हसल्या. लुईझाने मुठी वर धरल्या, कोपरं घातली आणि तिला कडेवर घेतलं. टाहो बंद झाला.

मथुराही हसली, पण हात तिने पदराखाली घेतले. इतकी वर्षं चिकाने तिची बोटं खाल्ली, तेव्हा तिला त्याचा एवढा राग आला नव्हता.

"तूच शिकयलंस ना तेका?" सासू हळूच म्हणाली. "मगे एका दिसात कशा विसरतला ता?"

बंदरात मुंबईची बोट लागली होती, त्यामुळे रस्त्यावर माणसांची ये-जा होती. देवळाजवळ लुईझाची वाट वेगळी होत होती. तिथे तिने तुळसाला खाली ठेवलं. मथुरेने पोरीला हाक मारली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. बुजऱ्या मांजराच्या वाटेला जाऊ नये, एवढं तिलाही कळत होतं. ती सावकाश चालू लागली. एक हात तिने सैल सोडला होता.

तुळसाने पदर धरला. सासू घरी रांधलेल्या बांगडा माशांच्या झणझणीत तिखल्याचं काहीतरी सांगत होती, मथुरा हूं हूं करत होती. तिचं सगळं ध्यान त्या सैल सोडलेल्या हाताकडे होतं.

माडांच्या बागेशी पदर सुटला. काहीतरी ओलसर, इवलंसं तिच्या बोटाला लागलं आणि चटकन मागे गेलं. मथुरेने चाल बदलली नाही. पण राहवेना, तेव्हा तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

तुळसा आपल्या तळव्यावर फुंकर घालत होती. फुंकर घालून झाल्यावर तिने तळवा डोळ्यांजवळ नेला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग पुन्हा पुढे होऊन तिने बोट मुठीत धरलं, आणि या वेळी सोडलं नाही.

"आये," ती म्हणाली, "भाजूक नाय!"

आणि दुसरा हातही पुढे केला.