सांधा कोण बदलतं?

नागोयातल्या घरी तात्सुओने वडिलांच्या पलंगाशेजारी खेळण्यातली रेल्वे मांडली होती. बटण दाबलं की मायक्रोकंट्रोलर या छोट्या चिपच्या इशाऱ्याने वीज उलटायची आणि सोलेनॉइड हा विद्युतचुंबक रुळांचा सांधा दुसऱ्या बाजूला ढकलायचा. पण तो कामावरून परतला की सांधा भलतीकडेच वळलेला असायचा. त्याने प्रोग्रॅम तपासला, वायरी बदलल्या. शेवटी संशय बायकोवर गेला.

"मित्सुए, बटणाला तूच हात लावतेस ना?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" तिने नजर चुकवली.

एका दुपारी तो न सांगता लवकर आला आणि सरकत्या दाराच्या फटीतून डोकावला.

पक्षाघातानंतर निर्जीव पडलेला वडिलांचा उजवा हात बटणाकडे सरकत होता.

"आत जाऊ नका," मागून मित्सुए कुजबुजली. "हाताचा सराव चाललाय त्यांचा. एक दिवस चहाचा कप स्वतः उचलून दाखवायचाय त्यांना तुम्हाला."