जोडकार्डाचा कोरा भाग

मित्राच्या, इनायतच्या शेवटच्या पत्राला वामनरावांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. पत्र म्हणजे जोडकार्ड होतं. अर्ध्यावर मजकूर, अर्धं उत्तरासाठी कोरं, त्यावर पत्ताही इनायतनेच घातलेला : नवेगावच्या तळ्याकाठचं विश्रामगृह. 'येतोस ना? उत्तर टाक. मी नाव घेऊन न्यायला येतो.'

आपल्यासारख्या घुम्या माणसामुळे त्याच्या सहलीचा विरसच होईल, या घोळात पंधरा दिवस गेले. वाट पाहून इनायत एकटाच नावेत बसला. नाव परत आली, तो आला नाही.

चाळीस वर्षांनी नात तेजस्विनी मोबाइल घेऊन समोर बसली.

"आबा, मे महिन्यात नवेगाव! जंगल, तळं, सगळं आहे. पुस्तकं आणलीत तर तळ्यात फेकीन."

"बघू."

"तुमचं 'बघू' ठाऊक आहे मला. संध्याकाळपर्यंत सांगा, बुकिंग करायचंय."

दुपारी त्यांनी कपाटातल्या पुस्तकातून कार्ड काढलं. मजकुराचा भाग कोरडा होता. कोरा भाग ओला होता.

त्यांनी ते गॅलरीतल्या रणरणत्या उन्हात ठेवलं. तासाभराने पाहिलं, तर खालची फरशीही ओली झाली होती. शेवाळाचा वास येत होता.

त्यांनी कोऱ्या भागावर लिहिलं, 'चुकलो. येतो.' ओल्या कागदावर शाई जराही फुटली नाही.

तो भाग फाडून, तिकीट लावून ते रस्त्यावरच्या गर्दीतून टपालपेटीपाशी आले. कार्ड आत सोडलं.

पडल्याचा आवाज लगेच आला नाही. मग खूप खोलवर ते पाण्यात पडलं. पाठोपाठ वल्ह्यांचा आवाज सुरू झाला, आणि तो जवळ येत होता.