शेवटचा भाग

शाळेतून चिठ्ठी आली, मुलगी वाचनात कच्ची आहे. रोवेना तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथे तिची मुलगी जिंकी आपल्या म्हाताऱ्या दाईला, याया सेफाला खेटून बसली होती आणि दोघींच्या मांडीवर टपरीवरचं टागालोग भाषेतलं कॉमिक होतं. बाळं पळवणाऱ्या चेटकिणीचं.

“याया, मी इंग्रजी पुस्तकांनी कपाट भरलंय आणि तुम्ही पोरीला हा कचरा वाचून दाखवता?” रोवेनाने कॉमिक हिसकावलं आणि फाडून चुलीत घातलं.

याया उसळलीच. “मी वाचून दाखवते? मला एक अक्षर तरी येतं का, मॅडम? रोज तीच मला वाचून दाखवते. आज शेवटचा भाग होता. त्या आईला तिचं बाळ परत मिळालं का, ते आता कोण सांगणार मला? तुम्ही?”